थ्रीच्या खाचेत फोरची पट्टी

व्याहीबुवा, तुमचा कॉम्प्युटर चालू झाला. काल दुपारी. आधी हे सांगून टाकतो, बाकीचं मागाहून. तुम्हाला लांबण लावलेली खपायची नाही, आणि तुम्ही गेल्यापासून माझ्याही डोक्यात दुसरं काही नव्हतं. काल पहिल्यांदा पोटभर जेवलो.

इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी तुमच्यावर लिहा म्हणून चिटणीसबाई घरी आल्या होत्या. म्हणाल्या, जन्म कुठला, शिक्षण काय, नोकरी कुठल्या खात्यात, सगळं क्रमाने लिहा. मी म्हटलं, ते तुमच्याकडे असेलच, छापा. माझी शाळा सातवीत सुटली, मला क्रम येत नाही. मी व्याह्यांशी भांडत होतो, ते भांडण अर्धं राहिलंय, ते लिहीन. त्या म्हणाल्या, चालेल, शुद्धलेखन आम्ही बघू. बघा म्हटलं.

वाचणाऱ्यांना एवढं कळलं तरी पुरे, की तुमची शुभदा माझी सून. तुम्ही कचेरीतले साहेब, मी सरकारी गाड्यांच्या वर्कशॉपातला फिटर. तुम्ही मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये एकटे, मी सरोजिनी नगरला मुलाच्या क्वार्टरमध्ये. दोघांच्याही बायका आपल्या आधी गेल्या. दर रविवारी मी मेट्रोने तुमच्याकडे यायचो. गाडी बदलावी लागत नाही म्हणून येतो, असं मी सांगायचो. तुम्ही म्हणायचात, "बिल्कुल. बदलावी लागली असती तर तुम्ही आला नसता, मला ठाऊक आहे."

लग्न ठरलं तेव्हा तुम्ही विचारलंत, मानपानाचं काय? मी सगळ्यांसमोर म्हटलं, मुलीच्या बापाकडून मी सुतळीचा तोडासुद्धा घेणार नाही. आमच्या वस्तीत मी लोकांची देणीघेणी बघितली होती. पोरीच्या बापाला टॉवेल-टोपीपासून स्कूटरपर्यंत नागवताना बघितलं होतं. म्हणून बोललो, आणि बोललो ते पाळलं. तुम्हाला मात्र तो खेळ झाला. दिवाळीला शाल आणलीत, मी परत केली. लोणच्याची बरणी शुभदाच्या हातून पाठवलीत, मी तिच्याच हातून परत पाठवली. मग तुम्ही तेच लोणचं रविवारी माझ्या ताटात वाढायचात आणि म्हणायचात, "हे चालतं का, वामनराव? की जिभेवरून परत करणार?" मी सांगायचो, पाहुणा म्हणून खाल्लेलं धरत नाहीत. "हा नियम कुठला?" "माझा." "अच्छा, म्हणजे घटना तुमची आणि दुरुस्त्याही तुमच्याच."

आपल्या रेकॉर्डिंगचं कसं सुरू झालं ते आठवतं का? मंडळाची बस पानिपतला काला अंबला, लढाईच्या स्मारकाला, निघाली होती. तुम्हाला खिडकी हवी होती, मलाही हवी होती. शेवटी आपल्या नातीला, ओवीला, खिडकीत बसवलं आणि आपण दोघे शेजारी शेजारी घुश्शात बसलो. स्मारकापाशी कुणीतरी भाषणात शिदोरी म्हणालं. ओवीने विचारलं, "नाना, शिदोरी म्हणजे?" तुम्ही सांगितलंत. ती म्हणाली, "ओके, टिफिन." परत येताना सोनीपतच्या पुढे आल्यावर तुम्ही एकदम म्हणालात, "वामनराव, ही पोर आपल्या घरातल्या वस्तूंची नावं विसरलेली नाही. तिला ती कधी कळलीच नाहीत. हे आपलं काम होतं."

मग रविवारी तुम्ही कॉम्प्युटरपुढे माइक ठेवून बसायला लागलात. एकेक वस्तू घ्यायची आणि ओवीला सांगायची. रोवळी कशी असते, तिच्यातून तांदळाचं पाणी कसं जातं. शिंकाळं कुठे टांगायचं, मांजर खाली बसून त्याच्याकडे कसं बघायचं. तुम्ही सांगायचात छान. साहेबी मराठी, पण गोड. मला गप्प बसवायचं नाही, हे मी आधीच सांगितलं होतं, तरी तुम्ही प्रत्येक वेळी ओठावर बोट ठेवायचात. तुम्ही सांडशी म्हणालात की मी मागून म्हणायचो, पक्कड. तुम्ही ओगराळं सांगितलंत की मी म्हणायचो, दांडा किती लांब ते सांगा, नाहीतर पोर चमचा समजेल. तुम्ही माइक हाताने झाकायचात. "तुमची सगळी बडबड मी नंतर कापून टाकणार आहे."

"कापा. मला काय."

एकदा मी मुद्दाम विचारलं, खरंच कापता का? तुम्ही पडद्यावरून नजर न काढता म्हणालात, "कापली. साफ. ओवीने नुसतं मला ऐकायचंय, तुमचं भांडण नाही." मला काय त्याचं, असंच मी म्हटलं होतं ना. पण घरी जाताना सबंध रस्ता ते डोक्यात राहिलं, हे आज सांगतो.

तो कॉम्प्युटर तुम्ही निवृत्त झाल्यावर नेहरू प्लेसमधून एकेक भाग आणून स्वतः जोडलेला. त्याचा डबा उघडून तुम्ही मला आतलं दाखवायचात, जसा मी कुणाला इंजिन दाखवलं असतं. हा मदरबोर्ड, यावर सगळे बसतात. ही हार्ड डिस्क. ही रॅम, लोक हिलाच मेमरी म्हणतात. मी विचारलं, मग डिस्क काय करते, तीही लक्षात ठेवते म्हणता ना? तुम्ही म्हणालात, "तुमच्या वर्कशॉपात बाक होता?"

"होता."

"आणि कोठी?"

"होती. स्टोअर म्हणायचो."

"कामाला काढलेला माल बाकावर. सुटीची घंटा झाली की झाडूवाला बाक साफ करायचा. जो माल कोठीत ठेवला तो दुसऱ्या दिवशी मिळायचा, बाकावर राहिला तो गेला. बरोबर? रॅम म्हणजे तो बाक. वीज गेली की रिकामा. डिस्क म्हणजे कोठी. वीज असो नसो, ठेवलेलं राहतं."

मला पटलं होतं. तरी मी म्हटलं, आमचा झाडूवाला इमानदार होता, माल उचलून कोठीत ठेवायचा. तुम्ही हात जोडलेत.

मग यंदा तो कॉम्प्युटर रेंगाळायला लागला. तुम्ही बोलून झालं तरी पडद्यावर चक्र फिरत राहायचं. तुम्ही म्हणालात, बाक लहान पडतोय, रॅम वाढवायला हवी. बोर्डावर रॅमची दोन घरं, त्यातलं एक मेलेलं, म्हणून जुनी पट्टी काढून मोठी घालावी लागेल. मी ते ऐकून ठेवलं. मनात म्हटलं, मुलीच्या बापाकडून घ्यायचं नाही असा माझा नियम आहे, द्यायचं नाही असा नाही. मुलाच्या बापाने दिलेलं या दिल्लीत कुणी बघितलं नसेल, ते तुम्ही बघाल.

तुम्हाला न विचारता रॅमची पट्टी आणायला नेहरू प्लेसला गेलो. विचारायचं कशाला, जन्मभर गाड्यांचे सुटे भाग आणले. दुकानदार म्हणाला, "अंकल, डीडीआर थ्री या फोर?"

मी म्हटलं, "आजकल कौन सा चलता है?"

"फोर चलता है. पर आपकी मशीन कौन सी है?"

"मशीन अच्छी है. फोर दे, बढ़िया वाला."

थ्रीपेक्षा फोर मोठा. मोठं ते चांगलं. आणि मी काय व्याह्याला मागच्या नंबरचं देणार होतो?

रविवारी मी पट्टी तुमच्यापुढे ठेवली. तुम्ही चष्मा वर करून बघितलीत, आणि तुमचा चेहरा आधी खूश झाला, मग पडला, मग पुन्हा खूश झाला. दुसऱ्यांदा खूश का झालात ते मला लगेच कळलं. तुम्हाला मला शिकवायची संधी मिळाली होती.

"वामनराव, ही बसणार नाही."

"बसणार नाही असं काही नसतं. बसवावं लागतं."

तुम्ही डबा उघडलात, जुनी पट्टी काढलीत आणि नवी त्या घरावर नुसती धरून दाखवलीत. पट्टीच्या खालच्या कडेला एक खाच असते, आणि घरात एक दांडी. खाच दांडीवर आली तरच पट्टी खाली जाते. जुनीची येत होती. माझ्या पट्टीची खाच थोडी सरकलेली होती. मी बघितलं आणि मला हायसं वाटलं. म्हटलं, एवढंच ना, आणि पिशवीतून कानस काढली.

"हे काय?"

"सूतभर घासतो खाचेपाशी. आत्ता बसेल."

तुम्ही माझं मनगट धरलंत. इतकं घट्ट, की मी चकित झालो. "हात आवरा. ती खाच मुद्दाम तिथे ठेवलीय."

"कुणासाठी?"

"तुमच्यासारख्यांसाठी."

मग तुम्ही समजावत बसलात. थ्रीला विजेचा दाब जास्त लागतो, फोरला कमी. दोघांच्या पायांची संख्या वेगळी, बोलण्याची रीत वेगळी. थ्रीच्या बोर्डात फोर कोंबली तर ती बोलणार नाहीच, वर जळेल आणि बोर्डही नेईल. म्हणून करणाऱ्याने खाच सरकवून ठेवली, की चुकूनसुद्धा कुणाला घालता येऊ नये. "खाच म्हणजे त्याने आधीच सांगून ठेवलेला नकार आहे. तो कानशीने घासायचा नसतो, ऐकायचा असतो."

"मग एकाच नावाच्या दोन जाती काढायच्या कशाला? माणसाला फसवायला?"

"दोन व्याही असतात ना, तसंच. नाव एक, जात वेगळी, एकाच्या जागी दुसरा बसत नाही. म्हणून काय एकाला घासायचं?"

मी कानस पिशवीत टाकली. तुम्हाला वाटलं रागावलो. व्याहीबुवा, मला तेव्हाच कळलं होतं. पंपावर डिझेलची नळी पेट्रोलच्या गाडीत जात नाही, तोंड जाड ठेवलेलं असतं. आमच्या वर्कशॉपात एका नव्या पोराने ते तोंड ठोकून बारीक करायला घेतलं होतं, तेव्हा त्याच्या कानाखाली कुणी वाजवली असेल ते तुम्ही ओळखा. म्हणजे ही अक्कल माझ्याकडे होती. फक्त तुमच्या डब्यात ती कामाला येईल असं वाटलं नव्हतं, आणि तुमच्या तोंडून ऐकून घ्यायची नव्हती. हे तुमच्यासमोर म्हटलं असतं तर तुम्ही महिनाभर पुरवून पुरवून वापरलं असतं. म्हणून राहिलं.

"दुकानात परत द्या आणि थ्री घेऊन या," तुम्ही म्हणालात.

"मी आणलेलं परत नेत नाही."

"माझी शाल बरी परत केलीत."

मी जुनी पट्टी उचलली आणि मीच त्या घरात दाबली. रागाचा हात होता. कट् असा आवाज आला. तुम्ही बटण दाबलंत तर डबा नुसता ओरडायला लागला, बीप, बीप, आणि पडदा काळा. तुम्ही बंद केलात. म्हणालात, "राहू द्या आज. दमलो मी. पुढच्या रविवारी बघू." मी चहा न घेता निघालो.

पुढच्या रविवारी तुम्ही हॉस्पिटलात होतात. छातीला तारा लावलेल्या, आवाज अगदी खोल गेलेला, पण डोळे तेच.

"परत दिलीत का पट्टी?"

"नाही."

"मग थ्री आणलीत?"

"नाही."

"छान. म्हणजे तुम्ही बरे आहात." मग जरा थांबून म्हणालात, "त्यातलं काही गेलेलं नाही हो. घाबरू नका."

"मी कुठे घाबरलोय?"

हे माझं तुमच्याशी शेवटचं बोलणं. आणि ते खोटं होतं. तो कट् माझ्या कानात बसला होता. तुमचा बाक, तुमची कोठी, सगळं तोंडपाठ होतं मला. पण माझ्या हाताखाली काहीतरी तुटलं, आणि तुटलेला बोर्ड कोठीलाही घेऊन जातो की काय, हे तुम्हाला विचारायचं होतं. ओवीसाठी इतके रविवार बोललेलं सगळं त्यात. विचारलं असतं तर तुम्ही एका वाक्यात सांगितलं असतंत. नाही विचारलं. मंगळवारी तुम्ही गेलात.

दिवस झाल्यावर शुभदा ओवीला घेऊन मयूर विहारचं घर आवरायला गेली, मीही गेलो. तिने सगळ्यात आधी तुमच्या टेबलाशी जाऊन बटण दाबलं. बीप, बीप. ती माझ्याकडे वळली आणि लगेच दुसरीकडे बघायला लागली, मला बरं वाटावं म्हणून. त्याने मला आणखी वाईट वाटलं.

"बाबा, दुकानात देऊ आपण," ती म्हणाली. "ते लोक काढून देतील त्यातलं."

"दुकानात दिला तर कोण काय खोलील ठाऊक नाही. मी बघतो."

"बाबा, प्लीज."

"नुसता बघतो."

"आधी पिशवी दाखवा."

मी पिशवी दिली. तिने कानस काढून घेतली आणि स्वयंपाकघरात नेऊन ठेवली. तुमचीच मुलगी.

मी डबा आडवा घातला. तुम्ही करायचात तसा आधी त्याच्या पत्र्याला हात लावला, अंगातली वीज उतरावी म्हणून. मग डोळा जवळ नेऊन ते घर बघितलं. तुटलेलं काही दिसेना. पट्टीच्या दोन टोकांना दोन खटके असतात, पट्टी पूर्ण बसली की ते आपोआप उभे होऊन तिला धरतात. एक खटका उभा होता. दुसरा किंचित कललेला होता. इतका किंचित, की नळ जोडणाऱ्यालाही दिसला नसता, पण चाळीसेक वर्षं फटी बघण्यात काढलेल्या माणसाला दिसला. पट्टी एका बाजूने बसली होती, दुसऱ्या बाजूने वर होती. त्या दिवशीचा कट् हा तुटल्याचा नव्हता. एकच खटका लागल्याचा होता. आवाज दोन यायला हवे होते.

मी जमिनीवरच बसलो. शुभदा घाबरून धावत आली. "बाबा, काय झालं? तुटलंय का?"

"काही नाही. ओवीला म्हण, खोडरबर दे."

पट्टीच्या पायांवर सोनेरी मुलामा असतो, त्यावर मळ चढतो. तुम्ही तो खोडरबराने पुसायचात. मी पुसला, फुंकर मारली नाही, कारण तुम्ही थुंकी उडते म्हणून ओरडायचात. फडक्याने टिपला. खाच दांडीवर धरली. दोन्ही अंगठे दोन टोकांना, सारखा दाब. रागाचा हात नाही.

कट्. कट्.

ओवीने बटण दाबलं. एकच बीप झाला, आणि पडद्यावर तुमचं ते निळं चित्र आलं. शुभदाने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

कोठीत सगळं जागच्या जागी होतं. तुम्ही खरं सांगितलं होतंत, घ्या. ओवीने पहिलं उघडलं ते सांडशीचं निघालं. तुमचा आवाज खोलीत आला, खाकरून, ऐटीत. "ओवी, आज आपण बघू सांडशी." आणि लगेच मागून कुणीतरी खडखडीत म्हणालं, "पक्कड म्हणा."

मी दाराकडे बघितलं. खरंच बघितलं. मग तुम्ही म्हणालात, "वामनराव, सांगू द्याल का?" आणि तो मागचा आवाज म्हणाला, "मी कुठे धरून ठेवलंय तुम्हाला?" मग तुम्ही हसलात. माइक हाताने झाकलात तरी हसणं आत आलेलं आहे.

ओवीने दुसरं लावलं, तिसरं लावलं. रोवळीत मी आहे. ओगराळ्यात दांडा किती लांब यावरून तर पाऊण वेळ मीच आहे. एका ठिकाणी मी नुसता खोकलोय आणि तुम्ही म्हणता, "पाणी देऊ?" तेही ठेवलंय. ओवी पोट धरून हसत होती. "आबा, तुम्ही दोघं कित्ती भांडता यार."

कापली म्हणाला होतात. साफ.

तुम्ही खोटं बोललात, व्याहीबुवा, आणि मी इतके दिवस तुमच्यावर विश्वास ठेवला. आता तुमच्याशी भांडायचं तर तुम्ही नाही. पण डोक्यावरचं ओझं उतरलंय. काही तुटलं नव्हतं, ना बोर्ड, ना बाकीचं.

फोरची पट्टी माझ्या कपाटात आहे. परत देणार नाही. चांगली वस्तू आहे, तिला तिच्या खाचेचा बोर्ड मिळाला की बसेल. ओवी मोठी झाली की आणेल तसा.

संध्याकाळी शुभदा म्हणाली, "बाबा, कॉम्प्युटर आपल्याकडे नेऊ या का? नानांची फार इच्छा होती." तुम्ही मला दोनदा देऊ केला होता आणि मी दोनदा नाही म्हटलं होतं, हे तिला ठाऊक होतं. म्हणून तिने विचारताना माझ्याकडे बघितलं नाही.

मी म्हटलं, बांधायला काहीतरी आण, रिक्षात हलायला नको.

सबंध रस्ता तो डबा मी रिक्षात मांडीवर धरून आणला. लग्नात शब्द दिला होता, मुलीच्या बापाकडून सुतळीचा तोडासुद्धा घेणार नाही. डबा घेतला. आणि तो बांधला होता तुमच्याच स्वयंपाकघरातल्या सुतळीने.